अर्जात न मावलेला माणूस

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा घाटकोपरच्या एका बँकशाखेत कर्ज विभाग सांभाळत होतो. असल्फा, साकीनाका या बाजूच्या गाळ्यांतून काम करणारे लहान कारखानदार आमच्याकडे येत. एखादे जुने लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि दोन-चार कारागीर, एवढाच बहुतेकांचा पसारा. अशाच एका टर्नरचे कर्ज प्रकरण मी नामंजूर केले. शिक्षण नववीपर्यंत, गाळा भाड्याचा आणि तोही सोडण्याची नोटीस आलेली, तारण नाही आणि त्याने स्वतः बनवलेल्या यंत्राला अजून गिऱ्हाईक नाही. चारही शेरे नियमाला धरून होते. मी सही केली आणि पाच-पन्नासची गाडी पकडून घरी गेलो.

पुढे काही दिवसांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र पुन्हा हाती आले आणि वाचता वाचता मी थबकलो. लक्ष्मणराव माझ्या टेबलासमोर बसले असते, तर जवळजवळ तेच शेरे मारून मी त्यांनाही परत पाठवले असते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुलाला चित्रकलेचे वेड. वडिलांना ते पसंत नव्हते. पण थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळले, की आपल्याला काही रंग ओळखू येत नाहीत. चित्रकाराच्या आयुष्यात याहून मोठा घाव कोणता? लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाटने शिकले आणि त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, तेव्हा ती भायखळ्याला होती, शिक्षक झाले. फावल्या वेळात यंत्रे पाहायची आणि हाताने काम शिकायचे. पुढे हक्काची बढती डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

बेळगावात दोघा भावांचे सायकलचे दुकान होते. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८पासून मानतात ती या दुकानामुळे. दुकानातून छोटा कारखाना झाला. कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि मग आला लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे गेली. कर्ज अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी पाहा: माल तयार, विक्री शून्य. आम्ही त्याला अडकलेले भांडवल म्हणतो. खरी अडचण मात्र भांडवलाची नव्हती, विश्वासाची होती. आणखी दहा हजार रुपये ओतले असते तर आणखी नांगर पडून राहिले असते, एवढेच.

नांगर खपू लागला, तोवर दुसरे संकट आले. नव्या वस्तीसाठी बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. कारखाना हलवणे भाग होते. उपनगरात गाळा चालवलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. यंत्रे उचलता येतात. आजूबाजूचे कारागीर, उधारी देणारे दुकानदार, पत्ता पाठ असलेले गिऱ्हाईक, हे उचलून नेता येत नाही.

तेव्हा धावून आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते स्वतः चित्रकार. औंधच्या यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचे काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपवले होते आणि माणूस कामातून पारखला होता. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. म्हणजे पैसा लागलाच. पैसा लागत नाही असे माझ्यासारख्या बँकवाल्याने म्हणणे हा ढोंगीपणा होईल. पण तो आला तो तारण पाहून नव्हे, काम पाहून.

१९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसू लागली. माळावर निवडुंग, साप आणि पाण्याची ओरड. बरोबर कोण आले? हिशेब आणि कचेरी सांभाळणारे मंगेशराव रेगे. शंभोराव जांभेकर. कॉलेजपर्यंत न पोचलेले अनंतराव फळणीकर, जे तिथे इंजिनिअरचे काम करू लागले. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था रामुअण्णांची. रात्रीच्या पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी तुरुंगातून शिक्षा भोगून आलेली माणसे ठेवली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा त्यांचा दंडक होता. १९२०मध्ये कंपनी मर्यादित झाली आणि त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी ग्राहकांसाठी किर्लोस्कर खबर काढले. नांगर घेणाऱ्याच्या घरात वाचायला काही गेले पाहिजे, हे त्या घराने ओळखले होते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले, तेव्हा सायकलच्या दुकानाचा मोठा उद्योगसमूह झाला होता.

यावरून कर्ज माणूस पाहून द्यावे, कागद पाहून नव्हे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मीही काही काळ तो काढत असे. पण आम्ही अधिकारी माणूस पाहतो म्हणजे काय पाहतो? आडनाव, बोलण्याची ढब, कुणाची ओळख घेऊन आला ते. त्या टर्नरच्या आधीच मी एक प्रकरण मंजूर केले होते. गृहस्थ सफाईने बोलणारे, कागद चोख. ते कर्ज दोन वर्षांत थकले. माणूस पाहण्याचा अधिकार आम्हांला असता, तर ते प्रकरण मी अधिकच उत्साहाने मंजूर केले असते आणि वाडीचे पहारेकरी दारातूनच परत गेले असते. लक्ष्मणरावांची नजर वेगळी होती. ते माणसाचा शिक्का पाहत नव्हते, त्याला काम देऊन पाहत होते. औंधच्या राजांनी त्यांच्याबाबतीत हेच केले होते.

अर्जाच्या नमुन्यात मग काय हवे होते? मला वाटते, दोन-तीन साधे प्रश्न. तुम्ही हे काम कुणाच्या हाताखाली शिकलात? पहिला नग परत आला तेव्हा काय केलेत? अडचणीत कोण उभे राहिले? आणि आम्ही उठून गाळ्यात जायला हवे होते, दुपारी, काम चालू असताना.

आठेक वर्षांनी तो टर्नर शाखेत आला, खंडेनवमीच्या पूजेचे आमंत्रण घेऊन. मुलुंडला त्याचा स्वतःचा गाळा झाला होता. नोटीस आली तेव्हा जुन्या उस्तादाने आपल्या गाळ्यातली अर्धी जागा दिली, हिशेब बायकोने ठेवले आणि एका गिऱ्हाइकाने यंत्र महिनाभर वापरून पाहण्याची तयारी दाखवली. कर्जाचा विषय त्याने काढला नाही. मी पूजेला गेलो. हळदकुंकू लावलेल्या लेथजवळ त्याने मला खुर्ची दिली आणि साहेब म्हणून माझी ओळख करून दिली. त्या शब्दाने मी इतका ओशाळलो, की पेढा हातातच राहिला.