दीड किलोमीटरची तार

ईसीजीच्या कागदावरच्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे देणारे डॉ. विलेम आइन्थोव्हेन यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावर सेमारंग येथे झाला. वडील लष्करी डॉक्टर होते. विलेम लहान असतानाच ते वारले आणि १८७० मध्ये आईने सहा मुलांसह हॉलंड गाठले. शिष्यवृत्तीच्या अटीनुसार विलेमनाही लष्करी डॉक्टर व्हायचे होते. पण पंचविसाव्या वर्षीच लायडन विद्यापीठाने त्यांना शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक नेमले आणि पुढची चाळीस वर्षे ते तिथेच राहिले.

हृदयाची वीज त्वचेवर जेमतेम एक मिलिव्होल्ट भरते. घरातल्या प्लगमध्ये असतात २३० व्होल्ट. ही नाजूक वीज लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये पाऱ्याच्या नळीने टिपली होती, पण पारा मंद. त्यात आइन्थोव्हेन यांच्या प्रयोगशाळेसमोर दगडी रस्ता होता. घोडागाडी गेली की नोंद थरथरायची. त्यांनी जमीन खोल खणून खाली मोठे दगड बसवले आणि उपकरण त्यावर ठेवले. बाहेरची ढवळाढवळ रोखल्याशिवाय आतले खरे दिसत नाही, हे त्यांना घोड्यांनीच शिकवले म्हणायचे.

१९०१ मध्ये त्यांनी तारेचा गॅल्व्हानोमीटर जाहीर केला. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म तंतू, दोन्ही बाजूंना प्रचंड विद्युतचुंबक, ते थंड ठेवायला पाणी आणि चालवायला पाच माणसे. वजन सुमारे २७० किलो. रुग्णाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवावे लागत. हे धूड इस्पितळात नेणे अशक्य आणि अत्यवस्थ रुग्णाला प्रयोगशाळेत आणणे त्याहून कठीण.

मग १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरचे इस्पितळ टेलिफोनच्या तारेने प्रयोगशाळेला जोडले. रुग्ण तिथे, आलेख इथे! पहिली नोंद एका धडधाकट माणसाची होती. त्याच्या आर लाटा उंच आल्या, त्याचे श्रेय तो सायकल मारत इस्पितळात गेला होता याला दिले गेले.

टेलिफोनची तार मात्र एकट्याची नसते. लँडलाइनच्या काळात आपल्या फोनवर तिसऱ्याच्याच गप्पा ऐकू यायच्या, ते आठवा. एका तारेतली वीज शेजारच्या तारेत उमटते. म्हणून टेलिफोनला जोडायच्या प्रत्येक यंत्राला नियम आले: लाइनमध्ये नको ती वीज सोडायची नाही, ठरलेल्या मर्यादेबाहेर लहरी फेकायच्या नाहीत, आणि इतरांच्या लहरींनी स्वतः बिघडायचे नाही. रुग्णाला जोडलेल्या यंत्राला आणखी एक: घंटी वाजवणारी किंवा आभाळातल्या विजेची झेप तारेतून रुग्णाच्या शरीरापर्यंत पोचता कामा नये. रेडिओतल्या व्यत्ययाच्या मर्यादा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीची पहिली बैठक १९३४ मध्ये पॅरिसला झाली. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या अभियांत्रिकी केंद्राने २०१९ पासून फोन, मोडेम, फॅक्स यांना चाचणी आणि प्रमाणपत्र टप्प्याटप्प्याने सक्तीचे केले.

हे कागदी घोडे वाटतील. पण कुपवाड एमआयडीसीलगतच्या एखाद्या दवाखान्यात ईसीजी सुरू असताना शेजारी वेल्डिंग चालू होते, किंवा रुग्णाच्या उशाशी स्वस्तातला, विनाप्रमाणित चार्जर लावलेला असतो. आलेखाची रेघ केसाळ होते. छोटी पी लाट त्या गवतात हरवते. तोच आलेख मोबाइलवरून मिरज-सांगलीच्या डॉक्टरकडे जातो आणि ठोके अनियमित आहेत की रेघच खराब आहे, हे त्याला रुग्ण न पाहता ठरवायचे असते. त्यावर औषध ठरते. ईसीजी काढताना चार्जर काढून ठेवा असे सिस्टर सांगतात, ते उगीच नाही. आणि रेघ केसाळ दिसली तर आलेख पुन्हा काढून मागायला संकोचू नका.

आइन्थोव्हेन यांना १९२४ चे नोबेल मिळाले. बक्षिसाच्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी आपल्या दिवंगत मदतनिसाच्या गरीब बहिणींना दिला, असे सांगतात. अखेरच्या वर्षांत त्यांनी अभियंता मुलाबरोबर आपला गॅल्व्हानोमीटर आणखी तरल केला. यावेळी त्यावर टिपायचे होते ते जावाहून हॉलंडला येणारे क्षीण रेडिओ संदेश. २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडनमध्ये त्यांचे निधन झाले.