ग्रेस हॉपर : ‘बी-झिरो’चं ‘फ्लो-मॅटिक’ कसं झालं?

सॉफ्टवेअर तेच, नाव मात्र नवं. टूल खपावं म्हणून कंपन्या ही युक्ती आजही वापरतात. सत्तर वर्षांपूर्वी ती ग्रेस हॉपर यांच्या कामावर वापरली गेली.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली, व्हासर कॉलेजात शिकवलं. महायुद्धात नौदलात जायचं ठरवलं तर वजन कमी भरलं. तरीही सवलत मिळवून त्या भरती झाल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या ‘मार्क वन’ संगणकावर प्रोग्रॅम लिहू लागल्या.

१९४९ मध्ये त्या युनिव्हॅक संगणक बनवणाऱ्या कंपनीत आल्या. पुढच्याच वर्षी ही कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली. तेव्हा प्रोग्रॅम म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. तेच तेच तुकडे हाताने उतरवताना चुका व्हायच्या. ग्रेस यांनी प्रत्येक तुकड्याला नंबर दिला. नंबर सांगितला की संगणक टेपवरून तो तुकडा शोधून जोडायचा. १९५२ च्या सुमाराचा हाच त्यांचा ‘ए-झिरो’ कंपायलर. संगणक स्वतः प्रोग्रॅम तयार करेल, यावर मात्र बऱ्याच जणांचा विश्वास बसेना.

पुढे ए-टू, ए-थ्री, एटी-थ्री आणि बी-झिरो आले. प्रयोगशाळेत ही नावं ठीक, पण ग्राहकाला त्यातून काय कळणार? ऑटोमॅटिक या शब्दाचा तेव्हा बोलबाला होता. कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांनी बारसंच केलं : ए-थ्री झालं ‘अरिथ-मॅटिक’, एटी-थ्री ‘मॅथ-मॅटिक’ आणि बी-झिरो ‘फ्लो-मॅटिक’.

यातलं फ्लो-मॅटिक खास होतं, कारण त्यातल्या आज्ञा साध्या इंग्रजी शब्दांत होत्या. नातेपुत्याच्या बाजारातला दुकानदार वहीत जमा, खर्च, शिल्लक लिहितो. तसेच हिशेबाचे शब्द वापरून प्रोग्रॅम लिहिता यावा, ही ग्रेस यांची कल्पना. ती पटवण्यासाठी त्यांनी एकच छोटा प्रोग्रॅम इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन शब्दांत लिहून दाखवला. यंत्रासाठी शब्द ही फक्त खूण असते, हे त्यांना दाखवायचं होतं. साहेब लोक उलट बिथरले. अमेरिकन संगणकाला परक्या भाषा? त्यानंतर ग्रेस यांना फक्त इंग्रजीचाच आग्रह धरावा लागला. नाहीतर त्याच युक्तीने मराठी आज्ञाही चालल्या असत्या!

मग नव्या नावाने बाजार जिंकला का? नाही. १९५७ मध्ये आयबीएमचं फोरट्रान आलं आणि गणिती कामात मॅथ-मॅटिक मागे पडलं. फ्लो-मॅटिकही युनिव्हॅकपुरतंच राहिलं. पण १९५९ मध्ये सगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालेल अशी व्यावसायिक भाषा बनवायला समिती बसली, ग्रेस तिच्या सल्लागार होत्या. नव्या भाषेने फ्लो-मॅटिककडून बरंच काही घेतलं, पण नाव घेतलं ते कोणत्याही एका कंपनीचं नसलेलं : कोबोल. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन वेगळ्या संगणकांवर चालवून दाखवला गेला. जगातल्या अनेक बँकांचे व्यवहार आजही कोबोलवर चालतात.

ग्रेस १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल म्हणून नौदलातून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. फ्लो-मॅटिक हे नाव आता फारसं कुणाला आठवत नाही, पण त्यातली साध्या शब्दांत आज्ञा देण्याची पद्धत कोबोलमधून टिकून आहे.