आपण ज्याला 'सेल्फ' म्हणतो तो गाडीत आणला चार्ल्स केटरिंगने, आणि डॅशबोर्डमागचं वायरींचं जाळंही त्याचंच

कोथरूडमधल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आजही कव्हर घातलेली प्रीमियर पद्मिनी दिसते. रविवारी कव्हर निघतं, पुसापुशी होते, मालक मोठ्या हौसेने चावी फिरवतो. सेल्फ नुसता 'कट्' असा आवाज करून गप्प बसतो. परवाच पेट्रोल भरलेलं असूनही काटा शून्यावर. मग कुणीतरी जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावतं आणि ते टेस्ट लॅम्प घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घालतात.

तिथे दिसणारा वायरींचा गुंता पाहून कुणालाही वाटेल की एवढं सगळं गाडीत घातलं कुणी?

याचं उत्तर बऱ्याच अंशी एका माणसाकडे जातं. त्याचं नाव चार्ल्स केटरिंग.

केटरिंगचा जन्म 29 ऑगस्ट 1876 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. पोरगा हुशार, पण डोळे अधू. जास्त वाचलं की डोकं ठणकायचं. आधी त्याने गावाकडच्या शाळेत मास्तरकी केली. पुढे इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, पण डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण सोडावं लागलं. पोटासाठी त्याने टेलिफोन कंपनीत काम धरलं. खांबासाठी खड्डे खणायचे, तारा ओढायच्या आणि लाइन बंद पडली की बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायचं.

वायरींशी त्याची खरी ओळख तिथे झाली. नंतर तो पुन्हा कॉलेजात गेला. सोबतची मुलं पुस्तकं मोठ्याने वाचायची, हा ऐकून लक्षात ठेवायचा. 1904 साली, वयाच्या 28 व्या वर्षी तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला.

पहिली मोठी नोकरी लागली डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र तेव्हा हाताने दांडा फिरवून चालायचं. केटरिंगने त्याला विजेची छोटी मोटर बसवली. गल्ला उघडायला ताकद लागते ती क्षणभरच. तेवढ्या वेळापुरता छोट्या मोटरवर तिच्या कुवतीपेक्षा जास्त भार टाकला तरी ती जळत नाही, हे त्याने ओळखलं होतं. पुढे हीच गोष्ट कामाला आली.

कंपनीतला सहकारी एडवर्ड डीड्स याच्या घरामागे एक कोठार होतं. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ही मंडळी तिथे गाड्यांवर खटपट करायची. तिथे तयार झाली बॅटरीवर चालणारी नवी इग्निशन यंत्रणा. कॅडिलॅक कंपनीच्या हेन्री लेलँडने 1909 साली तिचे 8,000 संच मागवले आणि 'डेल्को' कंपनी उभी राहिली. जुन्या फियाटच्या मेकॅनिकच्या तोंडी असणारे पॉइंट, कॉइल आणि कंडेन्सर हे शब्द याच घराण्यातले. पॉइंटवाल्या इग्निशनला आजही केटरिंग इग्निशन म्हणतात.

पण तेव्हा गाडी चालू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारावं लागायचं. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट, हात, जबडा, काहीही मोडायचं. लेलँडचा मित्र बायरन कार्टर असाच दुसऱ्याची बंद गाडी चालू करून द्यायला गेला, जखमी झाला आणि त्यातच दगावला, अशी हकीकत सांगितली जाते. लेलँडला हँडलपासून सुटका हवी होती.

जाणकारांचं म्हणणं होतं की इंजिन फिरवायला लागणारी मोटर इंजिनाएवढीच मोठी होईल. केटरिंगला गल्ला आठवला. इथेही जोर काही सेकंदांपुरताच लागणार होता. फेब्रुवारी 1911 मध्ये त्याने लेलँडला विजेवर चालू होणारी कॅडिलॅक दाखवली आणि 1912 च्या मॉडेलमध्ये सेल्फ स्टार्टर आला. आपल्या बोलण्यातला 'सेल्फ' तो हाच. ज्यांच्यात हँडल मारायची ताकद नव्हती, त्यांनाही आता एकट्याने गाडी काढता येऊ लागली.

पण सेल्फ एकटा आला नाही. त्याला मोठी बॅटरी हवी, बॅटरी चार्ज करायला डायनॅमो हवा आणि बॅटरी आहेच तर दिवेही विजेचे हवेत. केटरिंगने हे सगळं एकाच यंत्रणेत जोडलं. त्याची मोटर इंजिन चालू करायची आणि इंजिन चालू झालं की स्वतःच डायनॅमो होऊन बॅटरी भरायची.

इथेच फायद्यासोबत एक डोकेदुखीही आली. सगळं एकमेकांना जोडलेलं असल्यामुळे एक सांधा गंजला तरी भलतीकडेच बिघाड दिसतो. म्हणून जुने इलेक्ट्रिशियन भाग बदलत सुटत नाहीत, आधी विजेची वाट तपासतात.

एकच काटा बिघडला असेल तर दोष त्या मीटरमध्ये, त्याच्या वायरमध्ये किंवा सेंडरमध्ये असतो. सगळे काटे एकदम वेडेवाकडे झाले, तर फ्यूज, सगळ्यांना मिळणारा करंट किंवा अर्थिंग बघायचं. जुन्या गाडीत परतीची वायर म्हणजे गाडीची बॉडीच असते. नट गंजला किंवा त्याखाली रंगाचा थर बसला की ती वाट तुटते. पेट्रोलच्या सेंडरची वायर काढून क्षणभर बॉडीला टेकवली आणि काटा एका टोकाला गेला, तर मीटर आणि वायर बहुधा ठीक असतात. दोष टाकीतल्या सेंडरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा निघतो. अर्थात टाकीजवळ ठिणगी नको, म्हणून हे काम जाणकारानेच करावं. सेल्फ नुसता 'कट्' करत असेल तर बॅटरी चार्ज आहे का बघून तिचे टर्मिनल आणि अर्थची जाड पट्टी साफ करायची. शंभरची वस्तूही न बदलता गाडी चालू होऊ शकते.

केटरिंगची गाडी मात्र पुढे सुसाट निघाली. डेल्को पुढे जनरल मोटर्समध्ये गेली आणि तिथलं संशोधन 1947 पर्यंत त्याच्या हाताखाली चाललं. त्याच्या नावावर 186 पेटंट जमा झाली. तो चुकलाही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची त्याची शेवरले 1923 साली फसली आणि ग्राहकांकडे गेलेल्या गाड्या परत मागवाव्या लागल्या.

ती चूक तरी लगेच दिसली. दुसरी दिसली नाही.

इंजिनातला 'नॉकिंग'चा आवाज घालवायला त्याचा सहकारी थॉमस मिजली याने 1921 साली पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळलं. 1923 पासून असं पेट्रोल विकायला आलं. शिसं विषारी असतं हे तेव्हाही माहीत होतं. 1924 साली न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे संयुग बनवताना पाच कामगार दगावले. तरी विक्री पुन्हा सुरू झाली आणि जगभरच्या रस्त्यांवर कित्येक दशकं गाड्यांच्या धुरातून शिसं पडत राहिलं. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वात जास्त धोका. भारतात शिशाचं पेट्रोल बंद व्हायला 2000 साल उजाडलं.

25 नोव्हेंबर 1958 रोजी केटरिंगचं निधन झालं. न्यूयॉर्कच्या ज्या कॅन्सर संशोधन संस्थेला त्याचं नाव आहे, ती आजही काम करते.

बॅटरी उतरली, तेल कमी झालं, इंजिन तापलं, तर डॅशबोर्ड सांगतो. सायलेन्सरमधून काय बाहेर पडतंय, हे सांगणारा काटा मात्र त्या जुन्या डॅशबोर्डवर नव्हता. ती मोजणी आता वेगळीकडे होते. आपल्या कोथरूडला लागून असलेल्या वेताळ टेकडीवरच्या 'एआरएआय'मध्ये, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियामध्ये, गाड्यांचा धूर तपासला जातो. खाली पार्किंगमध्ये केटरिंगचा सेल्फ फिरतो, आणि त्याच्या काळात राहून गेलेलं मोजमाप वर टेकडीवर चालू असतं.