घड्याळजी डेव्हिड हेअर

बंगालमध्ये आंग्लविद्येचा जो प्रसार झाला, त्याचे श्रेय देताना राजा राममोहन रॉय आणि मेकॉले यांची नावे प्रथम घेतली जातात. त्या कार्यात ज्याने आपला पैसा, देह आणि उभे आयुष्य वेचले, तो डेव्हिड हेअर मात्र बंगालबाहेर फारसा कोणाच्या स्मरणात नाही. वास्तविक तो ना पदवीधर होता ना धर्मोपदेशक. घड्याळे करणे आणि दुरुस्त करणे हा त्याचा धंदा.

हेअर यांचा जन्म स्कॉटलंडमध्ये 1775 साली झाला. 1800 साली ते कलकत्त्यास आले आणि घड्याळांच्या व्यवसायात त्यांनी चांगली माया जमविली. त्या काळचे युरोपियन व्यापारी चार पैसे गाठीला बांधून स्वदेशी परतत. हेअर परतले नाहीत. 1820 च्या सुमारास त्यांनी आपली पेढी ग्रे नावाच्या स्नेह्याच्या स्वाधीन केली, त्याच्याच घरी ते राहू लागले आणि शाळा हाच त्यांचा संसार झाला. लग्न त्यांनी केले नव्हतेच.

तत्पूर्वीच एक मोठे कार्य सिद्धीस गेले होते. हिंदूंच्या मुलांसाठी उच्च शिक्षणाची संस्था असावी, ही कल्पना हेअर यांनी प्रतिष्ठित हिंदू गृहस्थांच्या गळी उतरविली. न्यायाधीश सर एडवर्ड हाइड ईस्ट यांच्या घरी 1816 साली सभा भरली. राममोहन रॉय समितीत असतील तर आम्ही नाही, असा सनातनी मंडळींचा हेका होता. तेव्हा राममोहन आपण होऊन बाजूस झाले. 20 जानेवारी 1817 रोजी अवघ्या वीस विद्यार्थ्यांनिशी हिंदू कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी स्कूल बुक सोसायटी निघाली आणि पुढल्या वर्षी स्कूल सोसायटी. दोहोंतही हेअर होतेच.

त्यांची दिनचर्या विलक्षण होती. सकाळी पालखीत बसून ते निघत. पालखीत पुस्तके असत आणि औषधेही असत. शाळेत येताच हजेरीपट पाहावयाचा आणि जो मुलगा गैरहजर असेल त्याच्या घरी जावयाचे. आजारी असेल तर औषध द्यावयाचे, उनाडक्या करीत असेल तर धरून आणावयाचे. मुले अस्वच्छ येतात म्हणून ते शाळेच्या दाराशी पंचा घेऊन उभे राहत आणि घामाने, धुळीने माखलेली अंगे स्वतः पुसून काढीत, असे वर्णन त्यांच्या विद्यार्थ्यांनी केले आहे. त्या शतकातील साहेबाच्या दृष्टीने नेटिव्हाच्या पोराचे अंग पुसणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने जाणावे.

विनामूल्य प्रवेशासाठी मुले त्यांच्या पालखीबरोबर धावत सुटत. रामतनु लाहिडी हा खेड्यातून आलेला गरीब मुलगा असाच सुमारे दोन महिने धावला, तेव्हा कोठे त्याला शाळेत जागा मिळाली. पुढे हेच रामतनु बंगालचे नामांकित शिक्षक झाले.

हेअर धर्मप्रसाराच्या वाटेस कधीही गेले नाहीत. त्यामुळे पाद्री मंडळी त्यांजवर नाखूश होती आणि हिंदू आईबाप मात्र निर्धास्त होते. 1831 साली हिंदू कॉलेजातील तरुण शिक्षक डिरोझिओ विद्यार्थ्यांस बिघडवितात, असा गदारोळ उठला. शिक्षक म्हणून ते अत्यंत लायक आहेत, असे हेअर यांनी समितीपुढे स्पष्ट सांगितले. परंतु हिंदू समाजाच्या भावना पाहता त्यांस दूर करणे इष्ट काय, हा प्रश्न आला तेव्हा तो हिंदूंनी सोडवावयाचा म्हणून विल्सन आणि हेअर या दोघांनीही मत दिले नाही. डिरोझिओंना जावे लागले. येथे हेअर यांनी अधिक ठाम राहावयास हवे होते, असे कोणी म्हणेल व त्यात तथ्यही आहे. परंतु परक्या घरात आपण पाहुणे आहोत याची जाणीव त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही, हेही तितकेच खरे.

1835 साली मेडिकल कॉलेज निघाले. शवविच्छेदनाच्या कल्पनेनेच उच्चवर्णीय घरे हादरली होती. पालकांची समजूत घालण्याचे काम हेअर यांजकडे आले. पुढे ते त्या संस्थेचे चिटणीसही झाले. एव्हाना साठवलेला पैसा शाळांत आणि विद्यार्थ्यांत जिरून गेला होता. अखेरच्या वर्षांत त्यांना लहान दाव्यांच्या न्यायालयात कमिशनरची नोकरी पत्करावी लागली.

31 मे 1842 च्या रात्री त्यांना पटकी झाली. दुखणे उठताच त्यांनी आपल्या चाकराकरवी ग्रे यांस शवपेटी तयार करविण्याचा निरोप धाडला. उपचारास आलेला डॉक्टर प्रसन्नकुमार मित्र हा त्यांचाच विद्यार्थी होता. त्याने अंगावर फोड आणणारे जालीम लेप लावण्यास घेतले, तेव्हा आता शांतपणे जाऊ दे, असे त्यांनी त्यास विनविले. दुसऱ्या दिवशी, 1 जून रोजी, त्यांचे देहावसान झाले.

त्या दिवशी मुसळधार पाऊस पडत होता. तरी हजारो हिंदू आबालवृद्ध चिखल तुडवीत अंत्ययात्रेत सामील झाले. ख्रिस्ती दफनभूमीत त्यांस नेले नाही; हिंदू कॉलेजसमोरच, जेथे मुलांची ये-जा असे तेथे, त्यांना पुरले. समाधीसाठी वर्गणी गोळा झाली, ती माणशी एक रुपया.