लंडनचे निमंत्रण नाकारणारा चित्रमहर्षी

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहताना, आपले राम-कृष्णही पडद्यावर अवतरावेत, या ध्यासाने त्यांना झपाटले. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले. ‘बायस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने त्यांना वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत प्रवेश मिळाला. ब्रिटिश चित्रपटाच्या या आद्य प्रवर्तकाने त्यांना चित्रीकरणाची सर्व अंगे पाहू दिली. विल्यम्सन कॅमेरा खरेदी करून फाळके परतले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला छिद्रे पाडण्यापासून साऱ्यांच्या स्वयंपाकापर्यंतचा भार उचलला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

१९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथेच राहून चित्रपटनिर्मिती करण्याचे निमंत्रण त्यांना मिळाले. मायदेशी कर्जाचा डोंगर होता, त्यातच महायुद्धाला तोंड फुटले. तरीही विद्या परदेशातून आणावी, पण उद्योग आपल्याच भूमीत रुजवावा, या निश्चयाने त्यांनी नकार दिला. १९१७ च्या ‘लंकादहन’ने तो निश्चय सार्थ ठरविला.

पुढे हेपवर्थ यांची कंपनी बुडाली. चांदी काढण्यासाठी त्यांच्या फिल्म वितळविण्यात आल्या. फाळके यांनीही १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला विपन्नावस्थेतच अखेरचा श्वास घेतला. वॉल्टनहून आणलेली विद्या मात्र भारतात कायमची रुजली.