सफाईला शास्त्राची जोड देणारे कोकणचे गांधी

संडासाची सफाई हा चारचौघांत काढण्याचा विषय नव्हे, असा संकेत सुशिक्षित घरांतून आजही पाळला जातो. याच विषयाला आयुष्यातील उमेदीची वर्षे देणारा तत्त्वज्ञानाचा एक अभ्यासक कोकणात होऊन गेला. सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन हे त्यांचे नाव. लोकांनी त्यांना ‘कोकणचे गांधी’ ही पदवी बहाल केली. मात्र ती ज्या कामामुळे मिळाली, त्या कामाची आठवण फारशी निघत नाही.

अप्पासाहेबांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यातील ब्राह्मण कुटुंबात झाला. बुद्धी तल्लख, उच्च शिक्षण तत्त्वज्ञानाचे. प्राध्यापकीत प्रतिष्ठेचे आयुष्य सहज लाभले असते. परंतु महात्मा गांधींच्या विचारांनी ते ओढले गेले आणि आश्रमात दाखल झाले. गांधीजींची आत्मकथा ‘सत्याचे प्रयोग’ या नावाने मराठीत आणली ती त्यांनीच. पुढे कोकणात परतून त्यांनी खादी, ग्रामोद्योग आणि अस्पृश्यता निवारण यांत स्वतःला झोकून दिले. १९३० साली वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याच्या मिठागरांवर झालेल्या सत्याग्रहातही ते अग्रभागी होते.

तुरुंगातील आग्रह

त्यांच्या जीवनातील निर्णायक प्रसंग १९३२ सालचा. त्या वेळी ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मैला उचलण्याचे काम तुरुंगातही विशिष्ट जातीच्या कैद्यांकडेच दिले जाई. ते आपल्यालाही द्यावे, अशी मागणी अप्पासाहेबांनी केली. वरिष्ठ जातीच्या कैद्याला हे काम देता येत नाही, या सबबीवर ती नाकारण्यात आली. निषेध म्हणून त्यांनी आपला आहार कमी केला.

येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींपर्यंत ही वार्ता पोहोचली. अप्पासाहेबांना पाठिंबा देण्यासाठी ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांनी उपोषण आरंभले. पुणे कराराला जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. सरकारने प्रश्नाचा फेरविचार करण्याचे आश्वासन दिल्यावर दुसऱ्या दिवशी ते सुटले. एका कैद्याला झाडू हाती घेऊ द्यावा की नाही, हा प्रश्न एका तुरुंगापुरता उरला नव्हता. काम जातीवरून ठरावे की माणसाच्या इच्छेवरून, हा त्यातील मूळ वाद होता.

गोपुरीतील प्रयोग

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम उभारला. हा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा स्वतंत्र झाला. येथे शेती, खादी, गोपालन आणि चर्मोद्योग यांची सांगड घालण्यात आली. मेलेल्या जनावराचे कातडे सोलण्याचे काम स्वतः अप्पासाहेबांनी केले. सनातनी मंडळींचा रोष त्यांनी शांतपणे सोसला.

मात्र सवर्णांनी चार दिवस झाडू धरला म्हणून पिढीजात सफाई कामगाराची सुटका होणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. टोपलीचा संडास आहे तोवर टोपली उचलणारा माणूस लागणारच. तेव्हा संडासच बदलला पाहिजे, या विचारातून ‘गोपुरी संडास’ तयार झाला. त्याची रचना साधी. दोन बंदिस्त टाक्या, एका वेळी एकच वापरात. दरवेळी मैल्यावर माती, राख किंवा पालापाचोळा टाकायचा. पहिली टाकी भरली की ती बंद करून दुसरी वापरायला घ्यायची. दुसरी भरेपर्यंत पहिलीतील मैल्याचे दुर्गंधी नसलेले सोनखत होते. ते माडाच्या आळ्यात किंवा शेतात पडते आणि ताजा मैला हाताळण्याची पाळी कोणावरही येत नाही.

खताची किंमत शेतकऱ्याला उपदेशाविना कळते, हा यातला व्यवहार होता. घाण म्हणून जे डोक्यावरून वाहून नेले जाई, ते धन म्हणून घरच्याच परसात राहू लागले. शेण व मैल्यापासून गॅस मिळवण्याच्या प्रयोगांतही त्यांनी रस घेतला. ‘माझी जीवनयात्रा’ हे त्यांचे आत्मचरित्र या साऱ्या धडपडीची साक्ष देते. मार्च १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले.

अपुरे राहिलेले काम

मैला हाताने वाहून नेण्यास बंदी घालणारा कायदा त्यानंतर २२ वर्षांनी, १९९३ साली आला. गटारे व सेप्टिक टाक्यांतील धोकादायक सफाईही प्रतिबंधित करणारा कायदा २०१३ साली झाला. तरीही टाकीत उतरलेले कामगार विषारी वायूने गुदमरल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. अशा मृत्यूंसाठी पूर्वी ठरलेली १० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपयांवर नेली.

दरम्यान सफाईचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला आहे. उच्च दाबाने पाण्याचा झोत सोडणारी यंत्रे आणि मैला ओढून घेणारे टँकर उपलब्ध आहेत. मालवण, तारकर्लीच्या किनाऱ्यावर निवास-न्याहारीची घरे व हॉटेले वाढली, तशी या सेवेची गरजही वाढली. यंत्र आले म्हणजे माणूस टाकीबाहेर राहिला असे मात्र आपोआप होत नाही. स्वस्तात काम उरकणारा मालक आजही तळाचा गाळ काढण्यासाठी मजुराला आत उतरवतो. आणि तो मजूर बहुधा पूर्वीच्याच समाजांतून आलेला असतो.

साधन बदलल्याखेरीज माणूस सुटत नाही, हे अप्पासाहेबांनी गोपुरीत दाखवून दिले. त्याच वेळी, सफाईला हलके काम मानण्याची वृत्ती गेल्याखेरीज साधन हाताशी असूनही वापरले जात नाही, हे त्यांना रत्नागिरीच्या तुरुंगात उमगले होते. कणकवलीचा गोपुरी आश्रम आजही उभा आहे. तेथे सुरू झालेल्या कामाचा दुसरा भाग मात्र घरमालक, हॉटेलचालक आणि नगरपालिका यांच्याकडे बाकी आहे.