फ्रेडरिक डग्लस यांची थोडकी आशा

दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे भाषणातही मी आधी लय शोधतो. मार्टिन ल्यूथर किंग यांचे वॉशिंग्टनचे १९६३ चे भाषण ध्वनिमुद्रित आहे. फ्रेडरिक डग्लस यांचे १८५२ चे केवळ छापील. तरी त्याची चाल कानाला कळते.

डग्लस मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले. मालकिणीने मुळाक्षरे शिकवली, मालकाने ते शिकणे बंद पाडले; मग पाव देऊन रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांकडून ते वाचायला शिकले. १८३८ मध्ये पळाले. गुलामांची गाणी सुखाची नसून दुःखाची, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. आम्हा गाणाऱ्यांनी ते जरूर वाचावे. स्वतः ते व्हायोलिन वाजवीत.

अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनानंतर, ५ जुलैला, ते रॉचेस्टरला बोलले. आरंभ राष्ट्रसंस्थापकांच्या स्तुतीचा, अगदी ठाय लयीत. मग एकाएकी तारसप्तक: हा उत्सव गुलामाचा नव्हे! आशा शेवटी, थोडकी. किंग यांनी उत्तरार्धात लिहिलेला मजकूर सोडून आशेचाच विस्तार केला. पण त्यांच्या वेळी गुलामगिरी जाऊन शतक होत आले होते. डग्लस बोलले तेव्हा तीस लाखांवर माणसे गुलामीत होती. म्हणून ती थोडकी आशा मला अधिक मोलाची वाटते.

१८६५ मध्ये गुलामगिरी गेली. डग्लस थांबले नाहीत. २० फेब्रुवारी १८९५ रोजी ते वारले, त्या दिवशीही स्त्रियांच्या सभेला जाऊन आले होते.